मोठ्यानं वाचायची खोली

माझ्या टेबलावर पितळेची एक घंटी होती. वरून टिचकी मारली की टण् वाजायची. सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी नव्यानं निघालेल्या एका कॉलेजात मी तेहतीस वर्षं ग्रंथपाल होतो, आणि त्यातली पहिली पाच-सहा वर्षं माझा सगळा रुबाब त्या घंटीवर चालला. वाचनकक्षात कुणी कुजबुजलं, टण्. कुणाची खुर्ची करकरली, टण्. एकदा प्राचार्य शिंकले तेव्हासुद्धा हात घंटीकडं गेला होता, वेळीच आवरला.

मी मूळचा लोणंदचा. घर स्टेशनाजवळ. मालगाड्यांचं शंटिंग आणि कांद्याच्या बाजारातली बोली ऐकत अभ्यास केला. त्यामुळं नोकरी लागली तेव्हाच ठरवून टाकलं होतं, आपल्या वाचनकक्षात टाचणी पडली तरी ऐकू आली पाहिजे. ऐकू येतही होती. पण टाचणी ऐकायला माणसं किती बसलेली असतात, हे मोजायचं मला सुचलं नाही.

बाहेरच्यांना वाटतं, ग्रंथपाल दिवसभर पुस्तकं वाचतो. कसलं काय! त्या काळात, म्हणजे १९७० नंतरच्या दोन-चार वर्षांत, पुस्तकांच्या कपाटांपर्यंत विद्यार्थ्याला प्रवेशच नसे. मधे लोखंडी जाळी, जाळीला हातभर खिडकी. खिडकीतून मुलानं चिठ्ठी द्यायची, आतून मी पुस्तक द्यायचं. प्रत्येक पुस्तकाला दाखलअंक, म्हणजे नोंदवहीतला क्रमांक. तो पहिल्या पानावर तर टाकायचाच, शिवाय आत एका ठरलेल्या गुप्त पानावरही शिक्का मारायचा. कुणी पहिलं पान फाडलं तरी पुस्तक आमचंच हे सिद्ध करता यावं म्हणून. मी सतरावं पान ठरवलं होतं. आता निवृत्त झालोय, सांगायला हरकत नाही.

वर्ष संपताना किंवा मधेच कुणी कॉलेज सोडताना 'नो ड्यूज'ची चिठ्ठी लागायची. या मुलाकडं आमचं एकही पुस्तक बाकी नाही, अशी माझी सही तिच्यावर असल्याशिवाय ऑफिस मूळ सर्टिफिकिटं परत देत नसे. म्हणजे दारातून आत कोण येतं हे माझ्या हातात नव्हतं, पण बाहेर जाणाऱ्याला माझी सही लागायची. ही गोष्ट त्या सहीचीच आहे.

एका जूनमध्ये पहिल्या वर्षाच्या आर्ट्सच्या वर्गात एक पस्तिशीचे गृहस्थ शिरले. पांढरा शर्ट, कडक इस्त्रीची खाकी पँट, मिशा वळलेल्या, पाठ सरळ. नवीन प्रोफेसर आले असं समजून सगळा वर्ग ताडकन उभा राहिला. ते गृहस्थ दारातच थबकले आणि म्हणाले, "बसा रं, बसा. मी बी विद्यार्थीच हाय."

ते हवालदार गणपतराव. कवठे महांकाळच्या बाजूच्या एका कोरडवाहू गावचे. पंधरा वर्षं फौजेत काढून पेन्शनीवर आलेले. मॅट्रिक फौजेतच झाले होते. त्यांच्या गावात नवीन शाळा निघाली होती आणि तिथं एकही मास्तर टिकत नव्हता. आला की बदली करून घ्यायचा. गणपतरावांनी मनाशी घेतलं, आपण बी. ए. व्हायचं आणि गावच्या शाळेत मास्तर म्हणून उभं राहायचं. गावाचं मन वेगळं होतं. कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्यावर माजी सैनिकांना वॉचमन म्हणून घेत होते. पक्की नोकरी, वर क्वार्टर. ती सोडून हा बाबा सकाळच्या एस. टी.नं दप्तर घेऊन पोरांच्यात बसायला जातो, म्हणून चावडीवर रोज हसणं चाललेलं.

कॉलेजातही त्यांची तीच गत. पोरं त्यांना 'मामा' म्हणायची, पण मामा जवळ आले की गप्पा बंद. शिकवणारे बहुतेक त्यांच्यापेक्षा लहान, ते प्रश्न विचारताना अवघडायचे. आमच्याकडची बैठकही तेव्हा ठरलेली असे. मुली लेडीज रूममध्ये बसून राहायच्या, प्रोफेसर निघाले की त्यांच्या मागोमाग ओळीनं वर्गात यायच्या आणि तास संपला की त्यांच्याच मागून परत जायच्या. गावातली, पेठेतली मुलं माझ्या वाचनकक्षात पंख्याखाली बसायची. खेड्यांवरून येणारी मुलं मागच्या लिंबाखाली, एस. टी.तून आलेला भाकरीचा डबा उघडून. प्रत्येकाची जागा कुणी न सांगता ठरून गेलेली. गणपतरावांची तेवढी ठरलेली नव्हती.

ऑगस्टमध्ये ते माझ्याकडं आले. कार्ड करून घेतलं, पाठ्यपुस्तक उघडलं आणि वाचायला लागले. मोठ्यानं. अगदी ओरडून नाही, पण समोरच्या माणसाला ऐकवावं तसं.

टण्.

ते थांबले. दोन मिनिटांत पुन्हा ओठ हलायला लागले, आवाज आला. टण्. पंख्याखालची मुलं खिदळली. तिसऱ्या वेळी माझा संयम सुटला. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा, अंगात शिष्टपणा भरलेला. सगळ्यांच्या देखत म्हणालो, "गणपतराव, ही काय शेताची राखण आहे? कार्ड ठेवा इथं. आठ दिवस वाचनकक्ष बंद. मोठ्यानं वाचायचं असेल तर बाहेर उभं राहून वाचा!"

ते उठले. टाचा जुळवल्या. "जी साब," म्हणाले, कार्ड टेबलावर ठेवलं आणि निघून गेले. मुलं हसली, मलाही जरा बरं वाटलं. आज ते लिहितानासुद्धा लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी बरोबर अकराला मागच्या व्हरांड्यातून खणखणीत आवाज आला. जाऊन बघतो तर गणपतराव भिंतीपाशी ताठ उभे, डाव्या हातात पुस्तक, आणि इंग्रजीचा धडा चाललाय.

"गणपतराव, हे काय?"

"शिक्षा हाय न्हवं? आठ दिस. आज पैला."

"अहो, शिक्षा कसली! मी रागाच्या भरात बोललो."

"हुकूम रागातच येत्यात, भाऊसाहेब. त्येला काय हुतंय? तुमी जावा, तुमची ड्यूटी करा. मी माझी करतो."

आता या माणसाला काय म्हणावं? मला वाटलं, मुद्दाम करतोय, माझा तमाशा करतोय. तणतणत आत आलो. पण त्यांच्या मनात तसलं काही नव्हतं. त्यांना खरोखरच हुकूम मिळाला होता आणि ते तो पाळत होते.

तिसऱ्या दिवशी लिंबाखालची दोन पोरं त्यांच्याशेजारी येऊन उभी राहिली. चौथ्या दिवशी सात-आठ. डबा खाऊन हात पुसत यायची आणि आपापलं पुस्तक उघडून त्यांच्यासारखीच मोठ्यानं वाचायची. लेडीज रूमची खिडकी त्याच व्हरांड्यावर उघडत असे. ती एरवी कायम लावलेली असायची. पाचव्या दिवशी ती उघडली आणि आतून आवाज आला, "मामा, ती शेवटची ओळ परत वाचा की. जरा दमानं."

ती शकुंतला. सांगलीजवळच्या जैन व्यापाऱ्याची मुलगी, इथं मावशीकडं राहायची, वर्गात पहिली. मामांनी ओळ परत वाचली. तिनं आतूनच त्यांचा एक उच्चार सुधारला. मामा म्हणाले, "थँक्यू, बाई," आणि सुधारलेला शब्द तीनदा घोकला. मग बाकीच्या पोरांनीही घोकला. खिडकीच्या आत मुली, बाहेर पोरं, मधे हवालदार. कॉलेज सुरू झाल्यापासून मुलामुलींचं अभ्यासाबद्दल झालेलं ते पहिलं बोलणं असावं.

मी जाळीमागून बघत होतो. आणि एक गोष्ट लक्षात आली. या लिंबाखालच्या पोरांपैकी एकाचंही तोंड मी माझ्या खिडकीत कधी पाहिलेलं नव्हतं. ती सगळी एकेकदा आली असणार, ओठ हलले असणार, टण् झालं असणार आणि ती उठून गेली असणार. घरी, देवळात, शेताच्या बांधावर मोठ्यानं वाचत शिकलेली पोरं ती. त्यांना मुकाट वाचायला कुणी शिकवलंच नव्हतं, आणि मी त्यांना वाचायलाच येत नाही असं धरून चाललो होतो. पाच वर्षं शांत वाचनकक्षाचा अभिमान मिरवला. तो शांत होता, कारण निम्मं कॉलेज मी बाहेर घालवलं होतं.

त्या संध्याकाळी मी गणपतरावांना विचारलं, "मनात वाचायला काय होतं हो तुम्हाला?"

"डोळ्यानं वाचल्यालं माझ्या डोस्क्यात ऱ्हात न्हाई. कानातनं गेलं की ऱ्हातंय. पलटणीत निम्म्यांना वाचाय येत नव्हतं. घरची पत्रं आली की मी सगळ्यांना वाचून दावायचो. पंधरा वरसं त्येच केलंय. कुणाला तरी ऐकवल्याबिगर वाचणं, म्हंजे मला आपलं चोरून खाल्ल्यागत वाटतंय."

आठवा दिवस संपला. मी कार्ड परत द्यायला गेलो, तर त्यांनी ते खिशात ठेवलं आणि नवव्या दिवशी पुन्हा व्हरांड्यातच आले. आता तिथं पंचवीसेक जण असायचे. माझ्या खिडकीवर चिठ्ठ्यांची अशी रीघ लागली की शिपायाला मदतीला घ्यावं लागलं.

आणि मग कॉलेजची मान्यता तपासायला विद्यापीठाची कमिटी येणार असल्याचं पत्र आलं.

कमिटी म्हणजे काय ते नव्या कॉलेजात नोकरी केलेल्यालाच कळेल. मुलीला बघायला पाहुणे यावेत तशी सगळ्यांची धांदल. प्राचार्य माणूस चांगला, पण कमिटीच्या नावानं त्यांचं जेवण जात नसे. फेरी मारताना त्यांनी व्हरांडा पाहिला आणि जागच्या जागी कडाडले. "कॉलेज आहे की भाजीबाजार? सोमवारी कमिटी येतेय. उद्यापासून इथं कुणी दिसता कामा नये!" शेजारच्या वर्गाचे प्रोफेसरही आवाजाला वैतागले होते, तेही बाहेर आले. पोरं पांगली. लेडीज रूमची खिडकी धाडकन लागली. मी माझ्या जाळीमागं परत गेलो.

शुक्रवारी सकाळी गणपतराव माझ्या खिडकीत आले. हातात नो ड्यूजची चिठ्ठी.

"सही करा, भाऊसाहेब. सर्टिफिकीट काढून घेतो. कारखान्याचं पत्र आलंय. सोमवारी आठला हजर व्हायचंय."

"अहो, पण बी. ए.? शाळा?"

"माझ्यामुळं पोरांना बोलणी बसली. ते न्हाई बरं वाटलं." चिठ्ठी पुढं सरकवत म्हणाले, "आन खरं सांगू? हितं मला बसाय जागाच न्हाई. वर्गात बसलो की मास्तर अवघडत्यात. झाडाखाली बसलो की पोरं अवघडत्यात. तुमच्याकडं बसलो की माझं तोंड चालतंय. त्यो व्हरांडा तेवढा घावला व्हता, त्यो बी गेला. कारखान्याच्या गेटावर निदान स्टूल तरी हाय माझं."

मी चिठ्ठी घेतली. पेन उघडलं. सही करायला दोन सेकंद लागतात. आणि सही केली की हा माणूस सोमवारपासून गेटवर, गावातली शाळा पुन्हा मास्तराविना, आणि चावडीवरचे म्हणणार, बघा, आम्ही सांगत नव्हतो? त्याला बाहेर उभं करणारा पहिला माणूस मीच होतो.

"थांबा हं, वही बघतो," असं म्हणून मी आत गेलो. कपाटाच्या आडोशाला देवघेवीची वही उघडली आणि आयुष्यातली एकुलती एक खोटी नोंद केली. घाईत जो दाखलअंक आठवला तो लिहिला. मधमाश्या पाळण्याविषयीचं एक जुनं पुस्तक होतं. वाळवीनं खाल्लेलं, रद्दबातल करायचं म्हणून मागच्या अडगळीच्या खोलीत टाकलेलं. त्याच्यापुढं लिहिलं, हवालदार गणपतराव, प्रथम वर्ष.

वही खिडकीत आणून त्यांच्यापुढं धरली. "एक पुस्तक बाकी दिसतंय तुमच्याकडं. ते जमा केल्याशिवाय सही नाही करता येणार. नियम आहे."

ते वाकून वाचायला लागले. बराच वेळ वाचलं. "मधमाश्या?" म्हणाले. "मी न्हेलं व्हतं?"

"वहीत आहे," मी म्हणालो. "तुम्ही परत केलंही असेल. शिपायानं चुकून अडगळीत टाकलं असेल. शोधायला हवं."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, वहीकडं पाहिलं. "बरं," म्हणाले. "हुडकू."

तिथून मी थेट प्राचार्यांकडं गेलो. ती मागची अडगळीची खोली वर्गांपासून लांब, कॉलेजच्या टोकाला. मोडकी बाकं, गॅदरिंगचे पडदे, वर्तमानपत्रांची रद्दी, पाय तुटलेला फळा, सगळं छतापर्यंत. म्हणालो, "साहेब, ती खोली द्या. मोठ्यानं वाचायची खोली करू."

"मोठ्यानं वाचायची खोली? भाऊसाहेब, डोकं ठिकाणावर आहे ना? असली खोली कुठल्या कॉलेजात आहे?"

"कुठंच नाही, साहेब. म्हणून तर कमिटीला दाखवता येईल."

प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला. "सोमवारी सकाळी रिकामी आणि स्वच्छ दिसली तर ठीक. नाहीतर मी स्वतः कुलूप घालीन." एवढं बोलून त्यांनी कागदात डोकं घातलं. मी निघालो तसं मागून म्हणाले, "आणि ती लेडीज रूमची खिडकी... त्या मुलींनाही येता येईल का तिथं?" त्यांचं सगळं लक्ष होतं तर!

शनिवारी दुपारी गणपतराव पुस्तक हुडकायला आले. एकटे नाही, लिंबाखालची सगळी पलटण घेऊन. मग काय सांगू! त्यांनी पोरांच्या दोन रांगा लावल्या. एक रांग वस्तू आतून बाहेर हातोहात द्यायला, दुसरी झाडून-पुसून लावायला. "गड्या, मोडकं हिकडं, चांगलं तिकडं. लय धूळ हाय, नाकाला रुमाल बांधा." शकुंतला चार मुलींना घेऊन आली आणि रद्दीचे गठ्ठे बांधायला बसली. कुणीही कुणाच्या मागून ओळीनं आलं नव्हतं. रविवारी सुतारकाम येणाऱ्या दोन पोरांनी अकरा बाकं उभी केली. फळ्याला पाय बसला. पंख्याखालची पेठेतली मुलंसुद्धा बघायला आली आणि बघता बघता हातात झाडू घेऊन उभी राहिली. मी स्वतः भिंती पुसल्या.

संध्याकाळी चारच्या सुमाराला एका कोपऱ्यात ते मधमाश्यांचं पुस्तक सापडलं. पुस्तक कसलं, चाळणीच. सतरावं पान तेवढं कसंबसं शाबूत होतं, त्यावर माझा शिक्का.

पोरं हात-पाय धुवायला नळावर गेली. खोलीत आम्ही दोघंच. आता माझ्यानं राहवेना. मी म्हणालो, "गणपतराव, मी खोटं बोललो. तुम्ही हे पुस्तक कधीच नेलं नव्हतं. नोंद मी त्याच वेळी केली. तुम्ही जाऊ नये म्हणून. माझं चुकलं. उद्या आठला तुम्हाला हजर व्हायचंय, ही घ्या सही. सर्टिफिकीट ऑफिसातून मी आत्ता काढून देतो, क्लार्कला घरून बोलावून आणतो."

ते बाकावर बसले. हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

"मला ठावं हाय, भाऊसाहेब. पलटणीत स्टोअरच्या वह्या दोन वरसं मीच लिवत व्हतो. तुमी वही म्होरं धरली तवा शाई वली व्हती."

मी गार पडलो. "मग दोन दिवस हुडकत का बसलात?"

त्यांनी हातातल्या चिठ्ठीची घडी घातली. "जूनपास्नं हितं येतोय. सगळ्यांनी विचारलं, का आलाय. गावानं विचारलं, मास्तरांनी विचारलं, पोरांनी विचारलं. जाऊ नगा, आसं कुणी म्हणालं न्हवतं. तुमी त्ये वहीत लिवून दावलंत." आणि ती चिठ्ठी त्यांनी माझ्या शर्टाच्या खिशात घातली. माझे डोळे भरून आले. धूळ फार होती, पण ते धुळीनं नव्हते भरले.

सोमवारी सकाळी आठ वाजता, कारखान्याच्या गेटावर हजर व्हायच्या वेळेला, गणपतराव त्या खोलीत पहिल्या बाकावर बसून मोठ्यानं वाचत होते. अकराला कमिटी आली. एका सदस्यानं विचारलं, हा गलका कसला? प्राचार्य न अडखळता म्हणाले, "वाचनकक्ष क्रमांक दोन." पहिला आवडला की दुसरा, ते कमिटीनं काही लिहिलं नाही. आमची मान्यता मात्र राहिली.

गणपतराव तिसऱ्या प्रयत्नात इंग्रजीत सुटले. बी. ए. झाले, पुढं बी. एड. केलं आणि गावच्या शाळेत मास्तर झाले. बदली मागून पळून न गेलेले पहिले मास्तर. त्या खोलीतून नंतर कितीतरी पोरं शिकून गेली. पण त्याआधीच्या पाच वर्षांत माझ्या घंटीनं जी उठून गेली, त्यांची नावं मला ठाऊक नाहीत. ती माझ्या वहीत आलीच नव्हती.

पुष्कळ वर्षांनी माझ्या निवृत्तीचा दिवस उजाडला. नियम तो नियम, माझ्याही नावानं नो ड्यूजची चिठ्ठी निघाली. नवा ग्रंथपाल हुशार पोरगा. त्यानं जुन्या वह्या तपासल्या आणि संकोचून म्हणाला, "सर, मधमाश्यांचं एक पुस्तक परत आलेलं दिसत नाही. नोंद फार जुनी आहे. खोडून टाकतो."

निरोप समारंभाला आलेले गणपतराव शेजारीच उभे होते. मिशा पांढऱ्याशुभ्र, पाठ तशीच सरळ. ते पुढं सरकले.

"आवं, खोडू नगा. पायजे तर मला आठ दिस बाहेर उभं करा. पर माझं नाव ऱ्हाऊ द्या त्या वहीत."

नव्या पोराला काही कळेना, तो माझ्याकडं बघायला लागला. मी त्याच्या हातातून माझी चिठ्ठी घेतली, 'बाकी' या रकान्यात 'एक पुस्तक' असं लिहिलं आणि खाली सही केली.